सगळे बाण मयेकरांकडे

सागरछाया सहनिवासाच्या पार्किंगमध्ये विद्याधर मयेकरनं भिंतीतली ओल पळवणाऱ्या यंत्राचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं आणि सगळं नीट चाललं होतं. लोकांनी वडे खाल्ले होते. भिंतीवरचा ओला डाग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आक्रसत पोळपाटाएवढा झाला, मग पुरीएवढा झाला, मग नव्हताच. टाळ्या पडत असताना मागच्या खुर्चीवरून एक बाई उठल्या.

“गेली कुठं?” त्यांनी विचारलं.

“कोण?”

“ओल.”

“ती गेली, मॅडम.”

“गेली ते दिसलं. कुठं गेली?”

ग्राहक विचारतील असे झाडून सगळे प्रश्न विद्याधरनं कंपनीच्या प्रशिक्षणात पाठ केले होते. त्यात हा नव्हता. शिवाय तो ज्यांना ‘मॅडम’ म्हणत होता त्या त्याच्या पत्नी होत्या, आणि त्यांच्याच हातचे पोहे खाऊन तो तिथं उभा होता.

“ती जाते,” तो शेवटी म्हणाला. “जाणं हा तिचा स्वभावच आहे.”

लोक हसले. कालिंदी मयेकर हसली नाही. कुठं जाते ते कळल्याशिवाय आपल्या घरात हे यंत्र बसणार नाही, असं तिनं तिथल्या तिथं जाहीर केलं. अशा रीतीनं अख्ख्या रत्नागिरीत ‘शुष्कमित्र’ यंत्र विकणाऱ्या माणसाचं स्वतःचं घर तेवढं यंत्राविना राहिलं. लोक पुढं बरेच दिवस त्याला बाजारात गाठून विचारत, “काय मयेकर, वहिनींना पटलं का?” आणि तो म्हणे, “प्रक्रिया चालू आहे.”

कालिंदीला ओलीचा पुळका होता असं मुळीच नाही. उलट, सोसायटीत ओलीचा खरा जाच तिलाच होता. ती पेट्या दुरुस्त करायची. पेटी म्हणजे भजनात वाजते ती, हार्मोनियम. वडिलांकडून हे काम तिच्याकडे आलं होतं, आणि तळमजल्यावरच्या दोन नंबरच्या ब्लॉकमधली बाहेरची खोली गावोगावच्या भजनी मंडळांच्या पेट्यांनी भरलेली असे. हवा दमट झाली की पितळी सूर गंजतात, भात्याचं चामडं बुरसतं आणि पट्ट्या अशा फुगून बसतात की एक दाबली तर शेजारच्या दोघी सहानुभूतीनं खाली जातात. तिला कोरडं घर हवंच होतं. पण तिनं प्रश्न विचारला होता आणि लोक हसले होते. आता उत्तर मिळेपर्यंत ती जागची हलणार नव्हती. तिचं माहेर राजापूरचं होतं. तिथं बांधावरून सुरू झालेले खटले नातवंडं चालवतात.

इथं यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं भुताटकी वाटेल.

चहात बिस्किटाचं टोक बुडवलं की चहा वर चढतो. जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं ते असंच, जांभ्या चिऱ्याच्या आणि सिमेंटच्या केसाहून बारीक नळ्यांतून. पण कोकणात भिंतीला पाणी पाजायला जमिनीची गरजच नसते, हवाही ते काम चोख करते. गरम हवा समुद्रावरून पोतंभर वाफ पाठीवर घेऊन येते आणि एखादी गार भिंत दिसली की तिथं टेकून ओझं उतरवते. पूर्वी खिडक्या उघड्या असत, वारा येई आणि ते ओझं उचलून पुढं नेई. मग घरोघरी एसी आले. खिडक्या बंद झाल्या, भिंती आणखी गार झाल्या आणि ओझी तिथंच पडून राहिली.

‘शुष्कमित्र’मध्ये दोन करामती होत्या. एक म्हणजे त्याच्यासोबत भिंतीला लावायचा रंग. त्या रंगातल्या कणांना इतकी सूक्ष्म भोकं असत की चमचाभर पुडीची आतली बाजू उलगडून पसरली तर क्रिकेटचं मैदान झाकलं जाईल. त्या भोकांत हवेतली वाफ येऊन अडके. दुसरी करामत विजेची. भिंतीच्या नळ्यांमधलं पाणी कडेला थोडासा धन प्रभार घेऊन बसलेलं असतं. भिंतीच्या एका टोकाला धन आणि दुसऱ्या टोकाला ऋण पट्टी बसवून अगदी सौम्य वीज सोडली की ते ऋण पट्टीकडे सरकू लागतं आणि जाताना बाकीच्या पाण्यालाही हाताला धरून नेतं. हे तत्त्व जुनंच होतं, रंगाची जोड नवी होती. थोडक्यात, भिंतीला आता दिशा होती. यंत्राच्या डबीवर एक हिरवा बाण असे. बाण जिकडे, ओल तिकडे.

माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं, ‘बाण इमारतीच्या बाहेरच्या बाजूस ठेवावा.’ बाहेर ऊन आणि वारा असतो, तिथं पाणी आपोआप उडून जातं. कल्पना निर्दोष होती. फक्त सागरछायेला बाहेर नव्हतं.

कोकणात पावसाआधी पडवीला झापं बांधतात, म्हणजे नारळाच्या विणलेल्या झावळ्या, पावसाची झड आत येऊ नये म्हणून. दसऱ्यानंतर ती सोडतात. सागरछायेनं काही वर्षांपूर्वी हाच रिवाज आधुनिक पद्धतीनं पाळला. अख्ख्या इमारतीला डांबरी लेप दिला आणि वरून निळे पत्रे ठोकले. नंतर ते काढायचे राहून गेले, कारण ठोकणारा ठेकेदार मस्कतला गेला आणि दुसऱ्याच्या कामाला हात लावायला कुणी तयार होईना. पुढं त्या पत्र्यांची सवय झाली. मग अभिमान वाटू लागला. ‘निळी बिल्डिंग’ असं सांगितलं की रिक्षावाला बरोबर आणून सोडी.

तर बाहेर बंद होतं. यंत्र बसवणाऱ्या पोरांनी व्यवहार पाहिला आणि बाण शेजाऱ्याकडे केला.

तिसऱ्या मजल्यावरच्या चाळकेंची ओल त्यांच्या शेजाऱ्यांकडे गेली. शेजाऱ्यांनी यंत्र घेऊन ती परत पाठवली. चाळके सोसायटीचे अध्यक्ष होते. त्यांनी वरच्या ताकदीचं यंत्र घेतलं आणि बाण खाली केला. खालच्यांनी त्यांच्या खाली केला. एरवी आपल्याकडं अशा प्रकरणात वकील लावतात, इथं लोकांनी व्होल्ट लावले. जिन्यात भेटले की सगळे गोड बोलत, “काय, कोरडं आहे ना घर?” आणि घरात जाऊन बाण तपासत. विद्याधरचा धंदा असा चालला की त्याला दोन वेळा जेवायला सवड मिळेना.

ओल कुठं जाते याचं उत्तर कालिंदीला दसऱ्याच्या सुमारास स्वयंपाकघराच्या भिंतीवर मिळालं. उत्तर टपकत होतं.

आठवड्याभरात मीठ चमच्यानं घ्यायच्या ऐवजी ओतावं लागू लागलं. पापड तळण्याआधी पिळावे लागत. फ्रीजमागं नेचे उगवले, ते दिसायला बरे होते म्हणून तिनं ठेवले. लग्नाच्या फोटोत विद्याधरला पांढरी दाढी फुटली आणि मग ती शेजारच्या भटजींनाही फुटली. सोफ्यावर अळंबी आली. खाण्याजोगी आहेत की नाहीत ते ठरेना, म्हणून सोफ्यावर बसणंच बंद झालं.

परब बुवा आपली पेटी न्यायला आले तेव्हा त्यांनी भाता ओढला आणि थांबले.

“ह्यात बेडूक आहे,” ते म्हणाले.

“आहे,” कालिंदी म्हणाली.

“सुरात आहे गो.”

“काळी दोन. अजून एकदाही ढळला नाही.”

बुवांनी डोळे मिटून पुन्हा ऐकलं. “पण माझी पट्टी पांढरी चार,” ते खेदानं म्हणाले. पेटी तशीच काखेत मारून ते गेले आणि त्यांच्यामागोमाग हळूहळू सगळी मंडळं गेली. बाहेरच्या खोलीत पेट्या ठेवायच्या मोकळ्या फळ्या राहिल्या आणि बेडूक राहिला.

त्या आठवड्यात विद्याधर एक खोकं घेऊन घरी आला. वरच्या ताकदीचं यंत्र होतं.

“बस झालं कालिंदी,” तो म्हणाला. “हे बसवू. संध्याकाळपर्यंत घर खडखडीत.”

“आणि बाण कुठं करायचा?”

“एक नंबरकडे.”

“त्यांचा आपल्याकडे आहे.”

“त्यांचं मॉडेल जुनं आहे. आपलं त्यांना भारी पडेल.”

“म्हणजे मीठ त्यांनी ओतायचं.”

“अगं, सगळेच ढकलतायत.”

“सगळे ढकलतायत ना? मग आतापर्यंत ते राहत कुठं होतं?”

विद्याधरनं भोवताली पाहिलं. छतावरून एक थेंब सुटला आणि त्याच्या शर्टाच्या खिशाला लावलेल्या ‘शुष्कमित्र, तुमच्या भिंतीचा सोबती’ या बिल्ल्यावर पडला.

“मी धंदा करतो गं,” तो हळू म्हणाला. “दुसऱ्यांच्या भिंतीत मी काही पाणी ओतलं नाही.”

“नाहीच ओतलंस. तू नुसती वाट विकलीस.”

तो चिडला नाही. चिडला असता तर तिला सोपं गेलं असतं. त्यानं खोकं उचललं, दोन शर्ट पिळून पिशवीत भरले आणि तो दुकानाच्या मागच्या खोलीत राहायला गेला. सांध्यांना ओल बाधते, असं त्यानं सांगितलं. ते खोटं नव्हतं. दुपारी जेवायला तो येत राहिला. छत्री उघडून जेवायचा.

हे सगळं एकट्या सागरछायेत चाललं नव्हतं. गावात जिथंजिथं यंत्रं बसली, तिथंतिथं एक घर असं निघालं की जिकडे सगळे बाण वळले. ते घर कुणाचं, हे फारसं शोधावं लागत नसे. भाडेकरू असे, परगावी नोकरीला असलेला असे, सभेला न येणारी एखादी बाई असे. लोकांना त्यात काही गैर वाटेना, कारण कुणी मुद्दाम काही केलेलं नव्हतं. मग अशा घरांना नाव मिळालं, ओलघर. नाव मिळालं की अर्धं काम होतं. नव्या इमारतींच्या जाहिरातींत ‘प्रशस्त पार्किंग, लिफ्ट, स्वतंत्र ओलघर’ असं छापून येऊ लागलं.

सागरछायेची सर्वसाधारण सभा माघात गच्चीवर भरली. चाळकेंनी ठराव वाचला. दोन नंबरचा ब्लॉक सोसायटीनं ताब्यात घ्यावा, त्याचं अधिकृत ओलघर करावं, मयेकर कुटुंबाला मिरजोळ्याला तेवढाच ब्लॉक द्यावा आणि त्यांनी पाडव्यापर्यंत घर सोडावं. मयेकर कुटुंबाच्या त्यागाबद्दल सभा त्यांची ऋणी राहील, असंही खाली होतं.

“मी त्याग केलेला नाही,” कालिंदी म्हणाली.

“तो तुमचा मोठेपणा झाला, वहिनी,” चाळके म्हणाले. ते एका सरकारी खात्यातून निवृत्त झाले होते आणि कुठलंही वाक्य त्यांना लागत नसे.

“मी मिरजोळ्याला जाणार नाही.”

“वहिनी, तिथं कोरडं आहे.”

“इथंही होतं.”

“पण आता तुमच्या घरात माणूस राहू शकत नाही, हे तुम्हालाही मान्य आहे.”

“मी राहते.”

“अपवाद सोडा.”

खुर्च्यांमधून हसू आलं. पहिल्या मजल्यावरच्या शमीमभाभी तेवढ्या उठून कालिंदीशेजारी येऊन बसल्या. त्या कालिंदीच्या बरोब्बर डोक्यावर राहत होत्या आणि गेली कित्येक वर्षं दोघींचं एकमेकींच्या घरात कढीपत्त्यापासून कानगोष्टींपर्यंत जाणं-येणं होतं.

“मी माझं बंद केलंय गो,” त्या कुजबुजल्या. “पण वरच्यांची ओल माझ्या भिंतीतून तुझ्याकडे जाते ती जातेच. मी नुसती पाइप झालेय.”

ठराव पास झाला. विरोधात दोन हात होते. विद्याधर यंत्रपुरवठादार म्हणून एका बाजूला उभा होता. कालिंदीच्या मनात चुकून ‘पाणीपुरवठादार’ असं आलं आणि मग तिला ती चूक वाटेना. त्यानं हात वर केला नाही, मतदानाचा हक्क ब्लॉकच्या मालकिणीला होता. पण तो खाली बघत होता हे तिला दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्यांची हत्यारं ठेवायच्या पेटाऱ्यातून कालिंदीनं पाना काढला, शमीमभाभींच्या घरून छिन्नी आणि हातोडा आणला आणि ती बाहेरून आपल्या ब्लॉकच्या भिंतीपाशी गेली. तिनं निळ्या पत्र्याचा पहिला बोल्ट पकडला. तो गंजून बसला होता. ती त्याच्यावर लोंबकळली. बोल्ट सुटला आणि ती बसली. उठून तिनं दुसरा धरला.

पत्रा पडल्याचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. चाळके लुंगीवरच खाली आले.

“वहिनी, हे काय? बाहेरची भिंत सोसायटीची आहे.”

“आणि आतली ओल?”

“ती… ती नैसर्गिक आहे.”

“मग नैसर्गिक वाटेनं जाऊ दे तिला.” तिनं डांबरी लेपावर छिन्नी लावली. “बाजूला व्हा काका, खपली उडेल.”

“मी नोटीस काढीन.”

“काढा. मी लेप काढते.”

चाळके नोटीस काढायला वर गेले. नोटीस येईपर्यंत भिंत सोलून झाली होती. आतून लालसर चिरा दिसू लागला आणि कितीतरी वर्षांनी त्याला वारा लागला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग चिऱ्याच्या सांध्यांतून घाम फुटावा तसे थेंब आले आणि थेंबांची धार झाली. अख्ख्या इमारतीनं ढकललेलं पाणी दोन नंबरच्या भिंतीत गर्दी करून उभं होतं, त्याला दार मिळालं. उडून जाईल त्याच्या कितीतरी पट पाणी येत होतं. शमीमभाभींनी पावस गावाहून आपल्या भावाकरवी पोफळीच्या खोडाची पन्हळ आणवली. तिच्यातून ते पाणी कालिंदीनं पाठीमागच्या अंगणात नेऊन सोडलं.

घराची आतली बाजू हळूहळू सुटत गेली. मीठ पुन्हा मीठ झालं, ओलसर पण मीठ. पाडवा आला आणि गेला. नोटिशीला कालिंदीनं उत्तर दिलं की तिनं दुरुस्ती केली आहे. दुरुस्तीला हरकत घेणारा नियम चाळकेंना सापडेना आणि नियम सापडल्याशिवाय हलायचं नाही, हे त्यांचं आयुष्यभराचं तत्त्व होतं.

वैशाखात गावातली नेहमीची गोष्ट झाली. पावसात जिथं छत्रीसुद्धा हात टेकते, त्या गावाचे नळ कोरडे पडले. पाणी एक दिवसाआड यायचं ते बेभरवशाचं झालं. मग टँकर सुरू झाले आणि टँकरवाला फोन उचलेनासा झाला. फक्त सागरछायेच्या पाठीमागच्या अंगणातली पन्हळ चालू होती. वैशाखात जमीन सुकते, पण समुद्रावरून येणारी हवा तेव्हाच सगळ्यात ओलीचिंब असते. प्रत्येक घरातला रंग दिवसभर ती हवा चोखत होता आणि प्रत्येक घरातला बाण ते पाणी इमानेइतबारे मयेकरांकडे पाठवत होता. सोसायटीनं नकळत समुद्राच्या वाऱ्यावर विहीर खोदली होती, आणि तिचं तोंड कालिंदीच्या स्वयंपाकघराबाहेर होतं.

ते पाणी पिण्याजोगं नव्हतं, त्याला भिंतीची चव होती. पण धुण्याभांड्याला, अंघोळीला चाले. आधी शमीमभाभींची बादली आली. मग एक नंबरवाल्यांची, मान खाली घालून. कालिंदीनं कुणाला अडवलं नाही. फक्त बादली भरेपर्यंत ती समोर पायरीवर बसून राही आणि ज्याची बादली असेल त्याच्याकडे शांतपणे बघत राही. काहींना टँकर परवडला.

एके सकाळी चाळके कार्यकारिणीसकट आले. त्यांच्या हातात बादली नव्हती, मोजपट्टी होती.

“वहिनी, इथं टाकी बांधायची आहे. पाणी ही सोसायटीची सामायिक मालमत्ता आहे.”

कालिंदी पायरीवरून उठली नाही.

“ओल होती तोवर माझी,” ती म्हणाली. “पाणी झाल्यावर तुमची?”

“तसं नाही. तांत्रिकदृष्ट्या हे आमच्या भिंतींतून आलेलं आहे.”

“आलं नाही काका, तुम्ही पाठवलंत. मला नको होतं तेव्हा पाठवलंत. माझ्या पेट्या गेल्या त्यात. नवरा छत्री उघडून जेवायला लागला. आता मोजपट्टी घेऊन आलात. टाकी बांधणारा इथं खणायला आला तर मी ह्या पायरीवर आहे, ह्या पायरीसकट खणा.”

चाळकेंनी बाजूला जाऊन विचार केला. मग त्यांनी जरा दूर उभं राहून विद्याधरला फोन लावला. यंत्रांच्या बाणांना कुलूप असे, ते फक्त विक्रेत्याला उघडता येई. सगळे बाण मयेकरांकडून वळवून गच्चीच्या टाकीकडे करा, असा सोसायटीचा आदेश होता. कालिंदीला ते सगळं ऐकू आलं. चाळकेंना दूरचं बोलणं म्हणजे मोठ्यानं बोलणं वाटे.

विद्याधर संध्याकाळी आला. अंगणात न येता तो सरळ जिना चढून गेला. कालिंदी पायरीवर बसून वाट बघत राहिली. घर वाचवलं होतं, पण इतकं सोसल्यावर कामाला आलेलं पाणी आता तिचाच नवरा काढून नेणार होता, आणि ह्या वेळी तो धंदा करतोय असंही म्हणता येत नव्हतं. यात कमाई काहीच नव्हती.

खाली आला तो तिच्याशेजारी बसला.

“वळवलेस?” तिनं विचारलं.

“नाही.”

“मग?”

“कुलपं काढून टाकली. सगळ्यांच्या डब्यांची. म्हटलं, प्रत्येकानं आपला बाण आपल्या मनानं करावा. चाळकेंना सांगितलं, टाकीकडे करायची विनंती तुम्हीच सर्वांना करा. लोकशाही आहे.”

कालिंदीनं त्याच्याकडे पाहिलं. तो अत्यंत निरागसपणे पन्हळीकडे बघत होता. तिला आठवलं की हा माणूस लग्नाआधी भजनी मंडळात मृदंग वाजवायचा आणि बुवांना नको तिथं सम दाखवून तोंडघशी पाडायचा.

टाकीकडे एकही बाण गेला नाही. पाणी म्हटल्यावर प्रत्येकानं बाण स्वतःच्या घरात वळवला. चाळकेंनी सगळ्यांत आधी वळवला, कारण अध्यक्षांनी उदाहरण घालून द्यायचं असतं. ज्या भिंतींवरून हिवाळाभर ढकलाढकली झाली होती, त्याच भिंतींवर आता ओढाओढ सुरू झाली. पुन्हा व्होल्ट वाढले. लोक स्वयंपाकघराच्या भिंतीला पन्हळ लावून खाली घागर ठेवू लागले. जिन्यात भेटले की विचारत, “काय, टपकतंय ना?” आणि पुढचा जर म्हणाला, “छान टपकतंय,” तर घरी जाऊन ताकद वाढवत.

दोन नंबरचा ब्लॉक बिनयंत्राचा. त्याच्यातली ओल चारी बाजूंनी ओढली गेली. काही दिवसांत ते घर असं कोरडं झालं की बेडूक स्वतःहून निघून गेला. अंगणातली पन्हळ थांबली. कालिंदी आता बाकीच्यांसारखीच टँकरच्या रांगेत उभी राहू लागली आणि तिथं तिचा चेहरा रांगेत कुणाचा नव्हता इतका प्रसन्न असे. परब बुवा पेटी घेऊन परत आले. विद्याधर शर्टांची पिशवी घेऊन परत आला. छत्री तिनं दाराबाहेर ठेवायला लावली.

वर मात्र नेचे उगवले होते. तिसऱ्या मजल्यावर मीठ ओतत होते. चाळकेंच्या निवृत्तीच्या सत्काराच्या फोटोला दाढी आली.

ज्येष्ठ लागला, ढग दिसू लागले आणि चाळकेंनी तातडीची सभा घेतली. आता पाणी पुरे, असं सर्वांचं मत झालं. सर्वांनी आपले बाण पुन्हा मयेकरांकडे करावेत, असंही झालं. शिवाय पावसाआधी मयेकरांच्या भिंतीला नवा लेप देऊन निळा पत्रा पूर्ववत बसवावा, कारण उघड्या चिऱ्यामुळं इमारतीची शोभा जाते आणि रिक्षावाले चुकतात. ठेकेदार उद्याच येणार होता. मस्कतहून परतला होता तो.

“म्हणजे तुमचं सगळं आत यायचं आणि बाहेर जायची वाट बंद,” कालिंदी म्हणाली.

“वहिनी, मिरजोळ्याचा प्रस्ताव अजून खुला आहे.”

कालिंदी उठली आणि गच्चीवरून खाली गेली. रागावून घरी गेली असं सभेला वाटलं. चाळके पुढचा विषय, जिन्यातले दिवे, काढणार इतक्यात खालून पत्रा पडल्याचा आवाज आला. मग दुसरा. सभा कठड्यापाशी धावली.

पत्रे दोन नंबरचे नव्हते, तिथले केव्हाच गेले होते. एक नंबरचे खाली पडले होते आणि कालिंदी शिडी लावून पहिल्या मजल्याच्या पत्र्याला भिडली होती. शमीमभाभी आपल्या खिडकीतून ओणवून आतल्या बाजूनं तोच बोल्ट ढिला करत होत्या. विद्याधर खाली उभा होता. पत्रा निघाला की तो त्या ब्लॉकमध्ये जाई आणि बाण बाहेर करून येई. तसं करायची त्याला कुणी परवानगी दिली नव्हती. दारं उघडी टाकून सगळे सभेला गेले होते.

“मयेकर, तुम्हीसुद्धा?” चाळके वरून ओरडले.

“विक्रीनंतरची सेवा आहे, साहेब,” विद्याधर म्हणाला.

चाळके जिना उतरून येईपर्यंत ती दुसऱ्या मजल्याला पोचली होती. शिडी उंच होती, जमीन उताराची होती आणि शिडीचा एक पाय अधांतरी होता. चाळके तिला खेचून खाली घ्यायला म्हणून शिडीपाशी आले. शिडी त्यांच्या अंगावर कलली. त्यांनी ती दोन्ही हातांनी पकडली, आणि पकडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आता सोडली तर वहिनी आणि पत्रा दोन्ही आपल्यावर येतील.

“उतरा वहिनी. पुढचा ब्लॉक माझा आहे.”

“म्हणूनच चाललेय.”

“मी पत्रा काढू देणार नाही.”

“मग शिडी सोडा.”

चाळकेंनी वर पाहिलं. मग शिडी आणखी घट्ट धरली. बाकीचे सभासद भोवती गोळा झाले होते. कुणी पुढं होईना, कुणी मागंही जाईना. एक नंबरवाले आपल्या उघड्या भिंतीला हात लावून बघत होते. चिऱ्यातून पाणी येत होतं आणि वारा ते पुसत होता.

“हे बेकायदेशीर आहे,” चाळके शिडीला म्हणाले. “सभा तहकूब झालेली नाही. माझा निषेध नोंदवून घ्या.”

“नोंदवला,” वरून कालिंदी म्हणाली. “पाना पडला माझा. तेवढा द्या.”

पाना चाळकेंच्या पायाशी पडला होता. त्यांनी एका हातानं शिडी धरली, वाकून पाना उचलला आणि वर दिला.